झेडपी शाळेची १ मेची पालकसभा आणि मॅडमची एक पानाची चिठ्ठी : पाचपैकी साडेचार

१ मे २०२५ ला झेंडावंदन झालं, पोरांच्या हातात प्रगतिपुस्तकं पडली आणि मॅडमनी सांगितलं की पालकांनी जायची घाई करू नका, पाऊण तास बसा, सांगायचं खूप आहे. ऊन तर साडेआठलाच चढलेलं. तरी बसलो सगळे वर्गात सतरंजीवर, पंखा एकच. मला तर बसायलाच पाहिजे होतं कारण मोठी चौथी पास होऊन या शाळेतून बाहेर पडतेय आणि धाकटा अंगणवाडीतून पहिलीला येतोय, म्हणजे एकाच घरातून एकाचा दाखला काढायचा आणि एकाचं नाव घालायचं. त्या पाऊण तासात जे मिळालं ते बघून वाटलं की हे लिहिलं पाहिजे, २०२५ चा जून तोंडावर आलाय, बाकीच्या झेडपीच्या पालकांना उपयोगी पडेल.

शाळा फलटण तालुक्यातली, वाडीवरची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट ३१. नाव लिहीत नाही, सर-मॅडमना ते आवडणार नाही.

आता ती चिठ्ठी. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एका पानावर सगळं लिहून झेरॉक्स काढलेली, प्रत्येक घराला एक. शाळा कधी सुरू, पुस्तकं कधी, दाखल्याला काय लागतं, आधारचं काय, सगळं. आणि नुसती हातात दिली नाही तर एकेक ओळ वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारलं की कळलं का, कुणाला अडचण आहे का. आमच्यात चार-पाच आज्या होत्या ज्यांना वाचता येत नाही, मुलगा-सून कामाला गेलेत म्हणून निकालाला त्या आलेल्या. त्यांना कुणी वेगळं बाजूला घेऊन समजावलं असतं तर त्यांना लाज वाटली असती, इथं सगळ्यांनाच वाचून दाखवलं त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. मला हे फार आवडलं.

सगळ्यात आधी प्रगतिपुस्तक कसं वाचायचं ते सांगितलं. आपण काय करतो, श्रेणी बघतो, अ-१ आली का अ-२, आणि बंद करतो. मॅडम म्हणाल्या खालच्या वर्णनात्मक नोंदी वाचा, आम्ही त्या वर्षभर बघून लिहितो. माझ्या पोरीच्या नोंदीत होतं की शाब्दिक उदाहरणं वाचून समजून घेते पण भागाकारात गडबड करते, सुट्टीत रोज दोन उदाहरणं सोडवून घ्या. खरंच आहे ते, घरी मलाही दिसत होतं. यंदा परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या, राज्यभर एकच वेळापत्रक होतं आणि त्यातच पॅटचे (सरकारच्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे) पेपर, सकाळची ७ ते सव्वाअकरा शाळा, म्हणजे पेपर तपासून निकाल लावायला सर-मॅडमना मोजून पाच दिवस. त्यातही एवढ्या नीट नोंदी लिहिल्या.

मग दाखला. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, माफ करा.

शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी, चौथीतल्या सात पोरांचा निघणार होता. मॅडमनी काय केलं तर दाखला छापायच्या आधी जनरल रजिस्टर (शाळेतल्या सगळ्या मुलांच्या नोंदींचं) समोर ठेवलं आणि सातही जणांच्या पालकांना एकेक करून बोलावून आपापल्या मुलाची नोंद दाखवली. पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मठिकाण, जात, पोटजात, सगळं बोट ठेवून वाचायला लावलं. एका मुलाच्या आईचं नाव आधारवर वेगळं आणि रजिस्टरला वेगळं निघालं, माहेरचं नाव आणि सासरचं नाव असा घोळ. दुसऱ्या एकाच्या आडनावात र्‍हस्व-दीर्घ. मॅडम म्हणाल्या आत्ता मूल शाळेत आहे तोवर कागद आणून द्या, आपण रीतसर प्रस्ताव करू, एकदा शाळा सोडली की रजिस्टरची नोंद मुख्याध्यापकांना आपल्या मनानं बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मग तुम्हाला हेलपाटे.

हे हेलपाटे मी घातलेत. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकलेला, दाखला घेताना कुणी दाखवलं नाही आणि वडिलांना वाचता येत नव्हतं. बारावीनंतर नर्सिंगला ॲडमिशन घ्यायची होती तेव्हा जन्मदाखला आणि एलसी जुळेना. या ऑफिसातून त्या ऑफिसात, आज साहेब नाहीत, उद्या या, हा कागद नाही, तो नाही, असं करत दीड महिना गेला आणि ॲडमिशनची तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी लग्न झालं. म्हणून मी जेव्हा मॅडमला रजिस्टरवर बोट ठेवून माझ्या पोरीचं नाव वाचताना बघितलं ना, तेव्हा माझे डोळे भरून आले. लोकांना वाटेल एवढं काय त्यात, पण एका अक्षरानं माणसाचं काय होतं ते मला माहितीय.

ज्यांची पोरं यंदा चौथीतून किंवा सातवी-आठवीतून दुसऱ्या शाळेत जाणार त्यांना हात जोडून सांगते, दाखला हातात घेण्याआधी रजिस्टरची नोंद बघायला मागा. तो आपला हक्क आहे, उपकार नाहीत. आणि मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो त्यामुळे आधी झेरॉक्स काढून ठेवा. त्यावर सरल आयडी (राज्याच्या ऑनलाईन नोंदीतला मुलाचा नंबर) आणि पेन नंबर (हा केंद्राच्या नोंदीतला, ११ आकडी असतो) आहे का बघा, कारण नुसता कागद देऊन होत नाही, नव्या शाळेनं ऑनलाईन रिक्वेस्ट टाकायची आणि जुन्या शाळेनं ती मान्य करायची असते, तोपर्यंत पोरगं कॉम्प्युटरवर जुन्याच शाळेत राहतं. जूनच्या शेवटी एकदा दोन्हीकडे विचारून घ्या.

एका पालकानं तिथंच विचारलं की त्यांच्या भावाच्या मुलाला तालुक्याच्या गावातली एक प्रायव्हेट शाळा फी बाकी म्हणून दाखलाच देईना, तर आता काय. सर म्हणाले तुम्ही त्याला खुशाल इकडं घेऊन या, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही आणि लांबवताही येत नाही. त्या माणसाचा चेहरा एकदम सैल पडला. दोन महिने ते घर याच काळजीत होतं म्हणे.

पाचवीची एक गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. आपल्या डोक्यात असं असतं की आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही. तसं आता नाहीये, पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा होते आणि ३५ टक्के पाहिजेत. कमी पडलं तर उन्हाळ्यात जादा मार्गदर्शन आणि जूनमध्ये पुनर्परीक्षा, त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. २०२३-२४ पासून हे लागू आहे. मॅडमनी घाबरवलं नाही, एवढंच म्हणाल्या की हायस्कूलला गेल्यावर पहिल्या चाचणीपासून लक्ष ठेवा, मार्चमध्ये जागे होऊ नका. आणि सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचं पण सांगितलं, पाचवी ते सातवीच्या एससी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या), एसबीसीच्या (विशेष मागास) मुलींसाठी, नव्या शाळेत गेल्या गेल्या जातीचा दाखला आणि बँक खात्याची झेरॉक्स देऊन ठेवायची.

धाकट्याचं. त्याचा एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारी मेळावा झाला, तो तर आमच्याकडं जत्रेसारखाच होतो. ढोल वाजवत वाडीतून फेरी काढली, मग शाळेत सात टेबलं मांडलेली, नोंदणी, उड्या मारणं आणि चेंडू टाकणं, रंग आणि आकार ओळखणं, गोष्ट सांगणं, मोजणं, आणि शेवटचं टेबल आमच्यासाठी. हातात विकासपत्र दिलं, त्यात कुठं जमतंय आणि कुठं मदत लागतेय ते लिहिलेलं. जूनमध्ये परत असाच मेळावा होणार आणि तोपर्यंत आम्ही आयांनी गट करून घरीच घ्यायच्या गोष्टी, त्या व्हॉट्सअपवर येतात. आमच्या गटात सहा जणी आहोत, संध्याकाळी पारावर बसतो. पोरं खडे मोजतात, भेंडी-गवार वेगळी करतात. फार खर्चाचं काही नाही त्यात.

वयाचं लक्षात ठेवा, ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण पाहिजेत. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवा, पुस्तकं पण नवी. मग कुणीतरी हिंदीचं काढलंच. १६ एप्रिलला जीआर निघाला पहिलीपासून हिंदीचा आणि आठवड्याच्या आत ‘अनिवार्य’ शब्दाला स्थगिती दिली, त्यामुळे सगळेच गोंधळलेले. सरांनी सरळ सांगितलं की पुढचा लेखी आदेश आल्याशिवाय मी तुम्हाला काही बोलणार नाही, तोपर्यंत कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. असं स्पष्ट बोललेलं बरं वाटतं.

पुस्तकं पहिल्या दिवशी मोफत मिळणार. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षं ते चार भागांचं पुस्तक होतं ज्यात प्रत्येक धड्यानंतर वहीची कोरी पानं, ते आता बंद, परत पहिल्यासारखी पुस्तकं. म्हणजे वह्या आपल्याला घ्याव्या लागणार, ते बजेटमध्ये धरा. माझं मत विचाराल तर दप्तर हलकं व्हायचं तेवढा फायदा होता पण पानं पुरत नव्हती, वह्या तशाही घेतच होतो.

गणवेशावर मी शिवणकाम करणारी म्हणून बोलते. २०२५-२६ ला परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलाय, एका गणवेशाला ३०० रुपये, दोन जोड. मागच्या वर्षी आमच्याकडं कपडे उशिरा आले आणि आले तेव्हा मापाचे नव्हते, एका पोराच्या शर्टात दोघं बसतील असा, दुसऱ्याचं बटण लागेना. ३०० रुपयांत कापड आणि शिलाई दोन्ही म्हणजे ओढाताणच आहे हे मी मान्य करते, पण गावातल्या बाईनं समोर पोराला उभं करून माप घेतलं तर निदान अंगाला तरी बसतं. मी सभेत एक सुचवलं आणि ते मान्य झालं, माप एप्रिल-मेमध्ये घेऊ नका, जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या, सुट्टीत पोरं मामाच्या गावाला जाऊन आली की बोटभर उंच झालेली असतात. आणि खाली दुमडीत दोन इंच कापड राखायचं, दिवाळीनंतर सोडता येतं. कायद्यानं समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असतात, तर बायांनो बैठकीला जा आणि बोला, नुसती सही करून येऊ नका.

आधारचं थोडक्यात. ज्यांचं पाच वर्षांच्या आत काढलेलं निळं बाल आधार आहे त्यांनी पाच पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अपडेट करून घ्यायचं, पाच ते सात वयात ते फुकट होतं. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळली नाही तर अपार आयडी (देशभर चालणारा विद्यार्थ्याचा एकच ओळख नंबर) तयार होत नाही. अपारला पालकांचं संमतीपत्र लागतं, ते वाचून सही करा.

आणखी एक जे मी दुसऱ्या कुठल्या शाळेत बघितलं नाही. ऊसतोडीला आलेल्या दोन कुटुंबांची तीन पोरं आमच्या शाळेत हंगामभर बसत होती, कारखाना बंद झाल्यावर ती मार्चमध्येच गावाकडं बीडला गेली. मॅडमनी जाताना त्यांना शिक्षण हमी कार्ड (गाव बदललं तरी पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) भरून दिलेलं आणि १ मेच्या आधी तिकडच्या शाळेला फोन करून पोरं वर्गात बसली का विचारलं. दोन बसली होती, तिसरा बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेला. मॅडम त्याच्यासाठी अजून फोन करतायत. आमच्या मुलांची शाळा म्हणून नाही, त्या पोराला जी बाई विसरली नाही तिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय.

आता अर्धा तारा का कापला. व्हॉट्सअप ग्रुप. महत्त्वाचा मेसेज रात्री साडेदहाला येतो, कधी पीडीएफ असते जी माझ्या फोनवर उघडत नाही आणि वर पालकांचेच गुलाबाचे फोटो आणि शुभ सकाळ, त्यात मेळाव्याची तारीख तीन घरांना कळलीच नाही. अकरा घरांत अँड्रॉइड फोनच नाही. चिठ्ठी एवढी चांगली लिहिता येते तर ती वर्षातून एकदाच का, दर महिन्याला अर्धं पान तरी द्या, झेरॉक्सचा खर्च आम्ही पालक वाटून घेऊ, मी सभेतही हे बोलले आणि आठ-दहा जणींनी हात वर केला. आणि ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल असं सेटिंग करा.

शाळा सोमवारी १६ जून २०२५ ला सुरू, विदर्भातल्यांची २३ ला. पोरीचा दाखला ५ मेला मिळाला, तिथंच ओट्यावर बसून तीन वेळा वाचला, सगळं बरोबर आहे, माझं नाव पण.