डिझर्टेशनला युरेनियम घ्यायचंय, मग गोगी की तुम्मलपल्ली?

एमएस्सी जिऑलॉजीच्या दोघीतिघींनी एकाच महिन्यात हाच प्रश्न विचारला, ताई, युरेनियमसाठी कर्नाटकातलं गोगी घेऊ की आंध्रातलं तुम्मलपल्ली, म्हणून प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मी स्वतः गोगी केलंय, तुम्मलपल्लीला दोनदा जाऊन आलेय, त्यामुळे माझा कल गोगीकडे आहे हे आधीच सांगते.

आपण पुण्याची मुलं बेसाल्टवर वाढलेली. वेताळ टेकडी काय नि सिंहगड काय, सगळा काळा दगड, आणि त्यात युरेनियम एक पीपीएमसुद्धा (दहा लाखांत एक भाग) भरत नाही. ग्रॅनाइटमधे साधारण तीनचार पीपीएम असतं. म्हणजे ट्रॅप, हा बेसाल्टचा थर, संपतो तिथपर्यंत जावंच लागतं, पण गंमत अशी की दोन्ही जागा आपल्या एकाच रेल्वेलाइनवर आहेत, मुंबई-चेन्नई. सोलापूर, कलबुर्गी, वाडी करत यादगीरला उतरलात की शहापूर तालुक्यात गोगी, आणि न उतरता तशाच रायचूर, गुंटकलवरून पुढे गेलात की येरगुंटला, तिथून पुलिवेंदुलाकडे तुम्मलपल्ली. भाड्यात आणि दिवसांत फरक पडतोच, एका सेमिस्टरमधे दोन फिल्ड करायच्या असतील तर तो मोजा.

आता दगड. गोगीचा चुनखडक म्हणजे शहाबाद फॉर्मेशन, हो तेच, ज्याची फरशी आपल्या वाड्यांत आणि जुन्या बिल्डिंगच्या गच्च्यांवर असते. भीमा बेसिन, म्हणजे जुन्या समुद्रात गाळ साचलेला खोलगट भाग, वय निओप्रोटेरोझोइक (साधारण शंभर ते चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचा काळ) मानतात. खाली धारवाडचा ग्रॅनाइट, वर हा चुनखडक, आणि मधून गेलेला फॉल्ट, म्हणजे दगड तुटून सरकलेली भेग, ज्याने दोन्ही चिरडलेत. सगळी गोष्ट या फॉल्टची आहे. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम सहा व्हॅलन्सचं (सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं) होऊन विरघळतं, कार्बोनेटबरोबर जोडी जमवून लांब वाहत जातं, आणि वाटेत पायराइट किंवा सेंद्रिय द्रव्य भेटलं की चारवर येऊन तिथेच बसतं. गोगीला फॉल्टने फोडलेल्या भेगांत ते कॉफिनाइट आणि पिचब्लेंड या खनिजांच्या रूपात बसलंय, चुनखडकात पण आणि ग्रॅनाइटमधे पण. जागा छोटी, पण ग्रेड, म्हणजे दगडातलं युरेनियमचं प्रमाण, आपल्याकडच्या मानाने चांगला, ०.१ टक्क्याच्या वर. एका बारक्या जागेत पाणी कुठून आलं, कुठून शिरलं, कशाने थांबलं हे तिन्ही प्रश्न हाताच्या अंतरावर असतात, मला तरी याहून सुंदर काही वाटत नाही.

तुम्मलपल्ली एकदम उलटं. तिथे फॉल्ट नाही, थर आहे. कडप्पा बेसिनमधलं वेमपल्ली फॉर्मेशन, फॉस्फेटवाला डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकाचा भाऊ), त्याच्या खाली कॉंग्लोमरेट (गोट्यांचा दगड), वर लाल शेल (चिखलाचा दगड), आणि हा पट्टा डोंगरांच्या कडेने मैलोन्मैल जातो, उतार फक्त १५ अंशांच्या आसपास. ग्रेड कमी, ०.०४ टक्क्यांच्या आसपास, पण माल अफाट. वय बघाल तर वरच्या थरांत घुसलेलं पुलिवेंदुलाचं सिलच (थरांमधे आडवा शिरून थिजलेला मॅग्मा) सुमारे १८८ कोटी वर्षांचं आहे, म्हणजे वेमपल्ली त्याहून जुनं. हवेत ऑक्सिजन वाढल्यानंतरचा हा काळ, युरेनियम नद्यांतून समुद्रात जायला लागलेलं, आणि उथळ समुद्रात स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी बांधलेले थर) वाढत असताना ते चिखलात अडकलं. सेडिमेंटॉलॉजीची आवड असेल तर हे सोडू नका.

काम करताना काय होतं ते जास्त महत्त्वाचं. गोगीला वर काळी माती, शेतं, खनिज बहुतेक खाली, त्यामुळे कोअर, म्हणजे ड्रिलिंगमधून काढलेले दगडाचे दांडे, बघायला मिळाले तरच खनिज दिसणार. नाही मिळाले तर विषय फॉल्ट, ब्रेशिया (तुटलेल्या तुकड्यांचा दगड), कॅल्साइटच्या शिरा, ग्रॅनाइटमधले बदल असा वळवायचा, मी तेच केलं आणि काही कमी पडलं नाही. तुम्मलपल्लीला थर उघड्यावर चालत चालत मोजता येतो. पण २०१२ पासून तिथे खाण चालू आहे, त्यामुळे हवं तिथे हवं तेव्हा जाता येईल असं समजू नका.

सिंटिलोमीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, नेणार असाल तर हे लक्षात ठेवा. तो जो काउंट दाखवतो तो युरेनियमचा नसतोच जवळपास, युरेनियम फुटत जाऊन बनणाऱ्या पुढच्या पिढीतल्या बिस्मथचा असतो, शिवाय पोटॅशियम आणि थोरियमचाही. गोगीला ग्रॅनाइटवर पाऊल ठेवलं की काउंट वाढतो आणि आपण खूश होतो, ते पोटॅशियम असतं. पहिल्या दिवशी माझी अर्धी वही असल्याच आकड्यांनी भरली होती. डोलोमाइटवर बॅकग्राउंड कमी असतं म्हणून तुम्मलपल्लीत थर लगेच ओळखू येतो, लाल शेलजवळ मात्र परत सांभाळून, तिथेही पोटॅशियम असतं.

आणि परवानगी. अणुऊर्जेचा कायदा दोन्हीकडे लागू आहे, गाइडचं पत्र घेऊन जुलैतच अर्ज टाका, लेखी उत्तराशिवाय खनिजवाला एक तुकडासुद्धा बॅगेत टाकू नका.

वर्षभराचाच वेळ असेल, स्ट्रक्चर आणि थिन सेक्शनमधे (मायक्रोस्कोपखाली बघायचे दगडाचे पातळ काप) रमत असाल तर गोगी घ्या. पुढे पीएचडी करायचीय, कार्बोनेट आवडतात आणि पंधरा दिवस कडप्पाच्या उन्हात लॉग, म्हणजे थरांची उभी नोंद, मोजायची तयारी आहे तर तुम्मलपल्ली. जिला अजून ठरवताच येत नाहीये तिने दिवाळीच्या सुट्टीत आधी यादगीरला उतरून दोन दिवस गोगीच्या आसपासचे शहाबादीचे थर बघून यावं, पुढचं तिकीट त्यानंतर काढावं.