क्लास की ऑर्डरची पोर्ट्रेट?

नोकरी सोडून चित्रकलेवर जगायचं ठरवलं की ठाण्या-वाशीतल्या चित्रकारापुढे हा पेच येतोच.

नियमित पैसा क्लासमध्ये आहे. फी दरमहा येते, फक्त मे महिन्यात मुलं गावी जातात; तेवढी शिल्लक आधीच बाजूला ठेवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी घेतलीत तर मुलं वर्षभर टिकतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. भांडवल किरकोळ: चार ड्रॉइंग बोर्ड, सतरंजी. सोसायटीची परवानगी मात्र लेखी घ्या.

पोर्ट्रेटला एका कामाचे पैसे जास्त, पण काम बिघडतं ते बहुधा फोटोमुळे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, डोळ्यांचा तपशील उरत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. निम्मी रक्कम आगाऊ, कच्च्या रेखाटनाला मंजुरी आणि त्यानंतर दोनच दुरुस्त्या, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. ओळखीच्यांकडूनसुद्धा! आपल्या पावसाळी दमट हवेत तैलरंग रेंगाळतो, म्हणून गणपतीपर्यंत द्यायचं काम अ‍ॅक्रिलिकमध्ये करा.

घरभाडं किंवा हप्ता डोक्यावर असेल त्याने क्लासच निवडावा. घरात दुसरी मिळकत असेल आणि चेहऱ्याचं साम्य हातात बसलं असेल, तर पोर्ट्रेट. क्लास संध्याकाळी भरतो, त्यामुळे सकाळच्या उजेडात महिन्याला एखादी ऑर्डर क्लासवाल्यालाही झेपते.