मापाचा कागद छापायचाय: झेरॉक्स, लेझर की इंकजेट?

ब्लाउजचा पॅटर्न, सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग, प्लायवर चिकटवून कापायचा साचा, अशा कागदांपुरतंच हे लिहितोय. नुसता वाचायचा कागद असेल तर कुठलंही मशीन चालेल.

आधी मशीनवरचा खोटा आळ काढून टाकू. छापलेल्या मापात सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा 'फिट टू पेज'मुळे पडतो. अमेरिकन लेटर आकाराची पीडीएफ ए-४ वर बसवली की ती साधारण ९७ टक्के होते. ३६ इंच छातीचा ब्लाउज मग जेमतेम ३५ इंचांचा होतो आणि बोलणी खातो कटिंग करणारा. 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडा, मग उरतो तो मशीनचा दोष.

लेझर प्रिंटरमध्ये हा दोष दोन्ही दिशांना वेगवेगळा असतो. आडवी रेघ फिरत्या आरशावरून येणारा किरण ओढतो, त्यामुळे रुंदी ठरते ती आरसा आणि भिंगांवर. लांबी मात्र ड्रम आणि रोलर कागद किती वेगाने पुढे नेतात त्यावर. रोलर झिजला की लांबी बदलते, रुंदीला धक्काही लागत नाही. त्यात फ्यूजर. टोनर, म्हणजे शाईची पूड, वितळवायला तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, कागदातला ओलावा उडतो आणि कागद आकसतो. तोही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. पाठपोट छापताना पुढची-मागची चौकट जुळत नाही त्याचं हे एक मोठं कारण: दुसरी बाजू छापायला येते तेव्हा कागद आधीच लहान झालेला असतो. माझ्या लेझरवर २०० मिमीचा चौकोन काढून स्टीलची पट्टी लावली, तर एका बाजूने १९९.२ आणि दुसऱ्या बाजूने २००.५ भरला. चौकोन कसला, आयतच तो.

आजचं झेरॉक्स मशीन म्हणजे स्कॅनर आणि लेझर प्रिंटर एकत्र, म्हणजे दोघांच्या चुका एकत्र. बऱ्याच मशीनच्या माहितीपत्रकात १०० टक्क्यांच्या प्रतीतही अर्धा ते एक टक्का कमी-जास्त अशी सूट घेतलेलीच असते. पॅनलवरचा झूम बहुधा एकेक टक्क्याने सरकतो, त्यामुळे अर्ध्या टक्क्याची चूक तिथे दुरुस्त होत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स तर नकोच. एक टक्का वाढ पाच वेळा झाली की पाच टक्क्यांच्या वर जाते. दुकानातच जावं लागलं तर कागद फीडरमधून न घालता काचेवर ठेवायला सांगा आणि शेजारी आपली स्टीलची पट्टीही ठेवा. ती कागदाबरोबर छापून येते, छापलेल्या पट्टीला खरी पट्टी लावली की चूक किती ते कळतं. दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू दे.

(जुन्या अमोनिया प्रिंटला, म्हणजे नकाशांच्या निळ्या रेघांच्या प्रतींना, ही भानगड नव्हती. ट्रेसिंग थेट कागदावर ठेवून उजेड द्यायचा, मध्ये भिंगच नाही.)

माझं मत इंकजेटला. कागद भाजला जात नाही. छपाईचं डोकं बारीक रेघांच्या पट्टीवरून आपली जागा ओळखतं, म्हणून रुंदी नेमकी येते. लांबीत रोलरची थोडी चूक राहते, आणि शाई जास्त ओतली तर कागद फुगतो. नुसत्या रेघांच्या पॅटर्नला तो त्रास जवळपास नाही.

इस्त्रीने टोनर तांब्याच्या पत्र्यावर उतरवून सर्किट बोर्ड करणाऱ्यांना मात्र लेझरशिवाय गत्यंतर नाही. ४० पायांच्या डीआयपी आयसीत (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेली चिप) एका रांगेतल्या पहिल्या ते शेवटच्या पायाचं अंतर ४८.२६ मिमी. अर्धा टक्का चुकला तर पाव मिमीच्या आत, पाय बसतो. एक टक्का चुकला तर जवळजवळ अर्धा मिमी, मग शेवटचा पाय भोकाच्या कडेवर अडतो. अशा वेळी आधी चौकोन छापून मोजा आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्येच आडवं-उभं माप वेगवेगळं दुरुस्त करा. हा चौकोन त्याच रिममधल्या कागदावर, त्याच दिशेने घालून छापा. पावसाळ्यात उघडी राहिलेली रिम आणि नुकतीच फोडलेली रिम एकसारखी आकसत नाही.