सराउंड साउंडबारसोबतचे नऊ महिने

टीव्ही बदलल्यापासून आईची एकच तक्रार होती: चित्र सुरेख दिसते, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. दर दोन-चार वाक्यांनी "अगं, काय म्हणाला तो?" असा प्रश्न यायचा, मी आवाज वाढवायचे आणि लगेच पुढच्या प्रसंगातल्या संगीताने घर दणाणून जायचे. तिच्या कानांचा दोष यात थोडा होताच. पण मोठा दोष टीव्हीच्या रचनेत होता. पातळ टीव्हीत समोर स्पीकर बसवायला जागाच उरत नाही, त्यामुळे ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि आवाज टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो. पार्श्वसंगीत अशा प्रवासातही टिकून राहते, शब्दांच्या कडा मात्र झिजतात. नऊ महिन्यांपूर्वी ५.१.२ रचनेचा साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) आणि सोबतचे स्पीकर असा संच घेतला तो या कारणासाठी. चित्रपटगृहासारखा आवाज हवा ही इच्छा त्याला नंतर येऊन चिकटली, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढचे माझे सगळे मत या क्रमाने बनले आहे.

५.१.२ या आकड्यांत पहिला आकडा कानांच्या पातळीवरच्या वाहिन्यांचा, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र प्रवाहांचा, मधला सबवूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, आणि शेवटचा वरून येणाऱ्या आवाजाचा असतो. आमच्या संचात समोरच्या पट्टीत डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या आहेत, तिच्याच माथ्यावर छताकडे तोंड केलेले दोन स्पीकर आहेत, आणि एक सबवूफर व मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर वेगळे आहेत. यातली माझ्या मते सर्वांत मोलाची वाहिनी म्हणजे मधली. चित्रपटांच्या ध्वनिमिश्रणात संवाद बहुतेक वेळा याच वाहिनीत ठेवलेले असतात, त्यामुळे तिची पातळी स्वतंत्रपणे वाढवता येणे ही आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी सोय ठरली. मी ती दोन घरे वाढवली, बाकी काहीही बदलले नाही, आणि त्याच संध्याकाळी आईने अख्खा चित्रपट एकही प्रश्न न विचारता पाहिला. एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमीच होता. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि वाढत्या वयात ऐकण्याची क्षमता आधी वरच्याच पट्ट्यांत उतरू लागते. शब्द स्वच्छ पोहोचवणारा स्पीकर समोर आला की अशा माणसाला किती फरक पडतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

हे सुख मिळायला मात्र तीन आठवडे लागले, आणि ते वाया गेलेले आठवडे मला अजून सलतात. जोडणी करून देणाऱ्या माणसाने केबल लावली, आवाज आला, तो निघून गेला. मागच्या स्पीकरमधून मधूनमधून पुसटसे काहीतरी ऐकू यायचे आणि मला वाटायचे की सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, तो एवढाच. शेवटी टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिले, तर आवाज बाहेर पाठवण्याचा पर्याय पीसीएम या प्रकारावर होता. आमच्या टीव्हीत या पर्यायावर सगळा आवाज दोन वाहिन्यांत मुरडून बाहेर पडतो, आणि बार बिचारा त्या दोनांतून पाच करण्याचा प्रयत्न करत होता. तो पर्याय बदलून पास-थ्रू, म्हणजे आवाज आहे तसाच पुढे पाठवणारा, केला आणि पहिल्यांदा बारवर डॉल्बी ॲटमॉस या वरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिप्रकाराची अक्षरे उमटली. असा संच घरी आला तर पहिल्याच दिवशी हे तपासावे, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

केबलबद्दलही थोडे सांगायला हवे. टीव्हीवरून बारकडे आवाज परत नेणारी आर्कची सोय एचडीएमआय या जोडणीच्या १.४ आवृत्तीत २००९ साली आली आणि तिची मोठी आवृत्ती, ई-आर्क, २०१७ सालच्या एचडीएमआय २.१ मध्ये. इंटरनेटवरून पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांतला ॲटमॉस आकुंचित स्वरूपात येतो, त्यामुळे तो साध्या आर्कवरूनही जाऊ शकतो. ब्ल्यू-रे तबकडीवरचा पूर्ण, न घटवलेला ॲटमॉस टीव्हीमार्गे बारपर्यंत न्यायचा तर ई-आर्कच लागते. ऑप्टिकल केबलवर ॲटमॉस मिळत नाही. आमच्याकडे तबकड्या नाहीत, म्हणून ई-आर्कसाठी टीव्ही बदलण्याचा मोह मी टाळला आणि त्याची खंत वाटलेली नाही.

सबवूफरने मात्र माझी खरी परीक्षा पाहिली. सुरुवातीला तो कोपऱ्यात ठेवला होता, कारण जागा तिथेच होती. सोफ्यावर बसले की खालचे सूर जवळजवळ गायब असायचे, आणि मागच्या भिंतीपाशी उभे राहिले की छातीत घुमायचे. शेजारच्या कपाटाची काच तर प्रत्येक स्फोटाला किणकिण वाजायची. आधी यंत्रात बिघाड आहे असे वाटले. मग खोली मोजली. ती ४.३ मीटर लांब आहे. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर भरते, म्हणजे खोलीची लांबी त्याच्या बरोबर अर्धी. अशा वेळी तो सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध विझतो. आमचा सोफा नेमका मधोमध होता. सबवूफर कुठेही हलवला असता तरी त्या जागी तो सूर परत आला नसता. हलवायला हवा होता तो सोफा. आम्ही तो सुमारे ६० सेंटीमीटर मागे सरकवला आणि तेवढ्यानेच डोंगर हलल्यासारखा फरक पडला.

त्यानंतर जाणकार वापरतात ती जुनी युक्ती करून पाहिली. सबवूफर उचलून सोफ्यावर, अगदी बसण्याच्या जागी ठेवला, तबल्याच्या एका ध्वनिमुद्रणाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि मी गुडघ्यांवर भिंतींच्या कडेकडेने खोलीभर फिरले. कोपऱ्यात डग्गा नुसता फुगलेला ऐकू येत होता, एकाच जाड धप्प्यासारखा. टीव्हीच्या टेबलापासून हातभर उजवीकडे आले, तेव्हा डग्ग्यावर तळहात दाबत नेला की स्वर वर कसा चढतो, ती घसरण वेगळी उमटू लागली. सबवूफर तिथेच ठेवला, त्याची पातळी तीनने उतरवली, त्याच्या पायांखाली जाड रबराची चटई घातली. काचेची किणकिण थांबली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, आवाज येतो का असे मी विचारल्यावर, आता काही जाणवत नाही असे सांगितले.

मागच्या स्पीकरबद्दल दोन गोष्टी विकताना कोणी ठळकपणे सांगत नाही. एक म्हणजे बिनतारी याचा अर्थ आवाजाची तार नाही एवढाच. विजेची तार प्रत्येकाला लागते, आणि सोफ्याच्या मागे दोन्ही बाजूंना प्लग नसेल तर एक्सटेन्शन बोर्ड आणि भिंतीलगतच्या पट्ट्या आल्याच. दुसरे म्हणजे त्यांची अंतरे नीट भरावी लागतात. आवाज एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. मागचे स्पीकर आमच्यापासून १.२ मीटरवर आणि बार २.६ मीटरवर असल्याने मागचा आवाज चार मिलिसेकंद आधी पोहोचत होता, आणि आपला कान आधी आलेल्या आवाजाकडे धाव घेतो. त्यामुळे पाऊस पडत असला की तो मागेच पडतो आहे असे वाटायचे. सोफा सरकवल्यावर मोजमाप पुन्हा चालवले, मागची पातळी एकने कमी केली आणि पाऊस सगळीकडे पसरला. मध्यंतरी उजवा स्पीकर दर अर्ध्या तासाने क्षणभर मुका व्हायचा. वायफाय राउटर बारला अगदी खेटून होता, तो दूर कपाटावर नेल्यापासून तक्रार उरलेली नाही.

वरून येणाऱ्या आवाजाबद्दल माझे मत फारसे उत्साहाचे नाही. छताकडे तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटवून खाली आणतात, त्यासाठी छत सपाट आणि टणक लागते. आमचे तसे आहे, तरीही हेलिकॉप्टर डोक्यावर आहे असे क्वचितच वाटते. आवाजाला थोडी उंची येते, इतकेच. केवळ या दोन स्पीकरांसाठी महागडा संच घेऊ नये. त्यापेक्षा तोच पैसा चांगल्या मधल्या वाहिनीवर आणि वेगळ्या मागच्या स्पीकरांवर लावावा.

रात्रीचा मोड आम्ही रोज वापरतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, त्यामुळे पात्रांची कुजबुज ऐकू येते आणि गोळीबाराने झोपलेली मुले उठत नाहीत. दिवसा मात्र तो बंद ठेवावा, नाहीतर सगळा चित्रपट एकाच पातळीवर सपाट चालल्यासारखा वाटतो. जुने, एका वाहिनीत ध्वनिमुद्रित झालेले चित्रपट लावताना आवाज सगळीकडे पसरवणारा पर्यायही बंद करते, कारण त्यात माणसे विहिरीत बोलल्यासारखी ऐकू येतात. गाण्याच्या मैफलींसाठीही मी साध्या दोन वाहिन्या आणि सबवूफर एवढेच ठेवते. तानपुरा मागून वाजू लागला की माझे चित्त गायकावर राहत नाही.

ओठ आणि शब्द यांचा मेळ हा एकच त्रास अजून पुरता सुटलेला नाही. बारमध्ये आवाज उशिरा पाठवण्याची सोय आहे; पण आवाजच मागे पडत असेल तर तो लवकर आणण्याची सोय कोणत्याच बारमध्ये असू शकत नाही. मुलाचा गेमचा संच टीव्हीमार्गे जोडल्यावर आमच्याकडे नेमके हेच व्हायचे. तो थेट बारला जोडल्यावर गेम सुधारले, काही टीव्ही वाहिन्यांवरच्या बातम्यांत मात्र निवेदकाचे ओठ अजूनही किंचित आधी हलतात.

सहाव्या महिन्यात बारच्या सॉफ्टवेअरचे अपडेट रात्रीतून आपोआप झाले आणि सगळ्या पातळ्या पुसल्या गेल्या. सकाळी आईने टीव्ही लावला आणि तिचा तो जुना प्रश्न पुन्हा ऐकू आला. कंपनीला लिहिले, तर सेटिंग पुन्हा करून घ्यावे एवढेच उत्तर मिळाले. ग्राहकाने तासन्‌तास कान लावून बसवलेले मोजमाप असे न विचारता पुसणे मला अजिबात पटलेले नाही. आपोआप होणारे अपडेट मी तेव्हाच बंद केले. टीव्हीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: मधली अधिक दोन, मागचे उणे एक, सबवूफर उणे तीन, पास-थ्रू चालू. मी घरी नसेन तरी आईला तो वाचून रिमोटवर तेवढे करता येते.