मेळ्यात लागलेला गोल्डफिश: आठ महिने वापरल्यानंतर

मी रिंग टाकली होती अंघोळीच्या साबणावर. जानेवारीतला मेळा, पन्नास रुपयांत पाच रिंगा. चार हुकल्या, पाचवी साबणाला लागून उडाली आणि बाजूच्या माशाच्या पिशवीत अडकली. मुलगी नाचायला लागली. बायको एवढंच म्हणाली, "आता याले कोण पाहीन?"

गोल्डफिश कसा दिसतो ते सांगत बसत नाही. आमचा पोह्यावरच्या तर्रीच्या रंगाचा, म्हणून नाव तर्री. लिहायला बसलो ते एका व्हॉल्व्हमुळे, पण त्याआधी पहिला महिना.

१८० रुपयांचा गोल काचेचा बाउल आणला आणि स्वच्छता म्हणून रोज सगळं पाणी बदललं, तेही थेट नळाचं. चौथ्या दिवशी मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. तेव्हा माझं मत पक्कं होतं: मेळ्याचा माल, आठवडाभर टिकला तर पुष्कळ. हे मत मी परत घेतो. माल चांगला होता, वापरणारा अडाणी होता. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू काचेवर, दगडांवर, पाणी गाळायच्या स्पंजवर जमायला चार-सहा आठवडे घेतात. मी बाउल रोज घासून त्यांना धुऊन काढत होतो, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. आता ७०० रुपयांची जुनी चाळीस लिटरची टाकी आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळतो. खायला सकाळी चिमूटभर दाणे, कधी उकडून साल काढलेला वाटाणा. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे कितीही टाका, तो मागतच राहतो. फसू नका.

मग मे आला. नागपूरचा मे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नुसती पत्ती टाकली तरी चहा होईल असं. मासा थंड पाण्याचा, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून माशाची टाकी कूलरसमोर सरकवली. आई अजूनही म्हणते, माझ्या वाटचा कूलर मासा खाऊन राहिला. हवेसाठी ३२० रुपयांचा पंप घेतला आणि टाकीखालच्या स्टुलावर ठेवला. चूक इथे झाली.

एका रात्री वादळ आलं, लाइट गेली. पंप बंद पडला की नळीतला हवेचा दाब जातो, टाकीतलं पाणी त्याच नळीत उलटं शिरतं, आणि पंप खाली असेल तर सरळ त्याच्या पोटात. तीन वाजता पाय ओल्या फरशीवर पडला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर टाकी अर्ध्याच्या खाली, तर्री एका कोपऱ्यात, आणि पंपाच्या भोकातून पाण्याची बारीक धार. आधी प्लग काढला, मग नळी. मासा ठीक होता. पंप गेला.

दुकानात सहा महिन्यांची वॉरंटी दाखवली. पंप हलवला, आत पाणी खळखळलं. "आत पाणी गेलं, वॉरंटी संपली." मी म्हटलं, अहो, पाण्याच्या टाकीसाठीचीच वस्तू आहे ना! त्यावर म्हणे, "पंप वर टांगायचा असते. नाहीतर नळीत व्हॉल्व्ह लावायचा."

व्हॉल्व्ह. तीस रुपये. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी, हवा एकीकडून जाते, दुसरीकडून पाणी परत येत नाही. पंपाच्या खोक्यात नाही, विकताना कोणी बोलत नाही. सोबत का देत नाही, विचारलं.

"कोणी मागतच नाही ना भाऊ."

नवा पंप, पुन्हा ३२०. व्हॉल्व्ह रागारागात दोन घेतले. पहिला उलटा लावला, एक बुडबुडा येईना; शेवटी तोंडाने फुंकून बाजू ओळखली. बाण टाकीकडे हवा. पंप आता भिंतीवर, पाण्याच्या वर, खिळ्याला टांगलेला आहे. गुरगुरतो, पण कूलरपुढे कोणाला ऐकू येते!

खाद्याचे ६० धरून आतापर्यंत १,६९० रुपये. तर्री बोटभराचा होता, आता दीड बोट आहे आणि मी दिसलो की काचेवर येतो. (बायको दिसली तरी येतो, पण ते मी धरत नाही.)

मुलीला पुढच्या मेळ्यातून त्याला जोडीदार हवा आहे. मी नाही म्हटलं. दुसरा व्हॉल्व्ह मात्र ड्रॉवरमध्ये पडून आहे, तो दुकानदार परत घेत नाही.