नव्या प्रादेशिक विमानसेवेचे काही महिने : शहरं वाढली, विमानं तेवढीच

नवी विमानसेवा सुरू झाली की ओळखीतले लोक ठरलेले प्रश्न विचारतात. सीट कशी आहे? आत काय देतात? पंख्याचं विमान फार हलतं का? कामानिमित्त बरेच महिने अशी एक सेवा सतत वापरल्यावर मला हे प्रश्न दुय्यम वाटायला लागलेत. विचारायचं ते एवढंच, की कंपनीकडे विमानं किती आहेत आणि तेवढ्यात ती किती शहरं सांभाळायला निघाली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडच्या छोट्या शहरांतून उडणाऱ्या कुठल्याही नव्या कंपनीची गत थोड्याफार फरकानं अशीच असते.

तरी विमानाबद्दल आधी सांगून टाकतो. आमच्या मार्गावर एटीआर 72-600 हे पंख्याचं विमान आहे. सत्तरच्या आसपास सीट, दोन इकडे दोन तिकडे, त्यामुळे मधली सीट हा प्रकारच नाही. चढायचं मागच्या दारानं, कारण पुढे कॉकपिट आणि प्रवासी यांच्या मधे सामानाची खोली असते. म्हणून पुढची सीट मिळाली की लवकर उतरता येईल हा जेटचा हिशेब इथे उलटा होतो. घाई असेल तर मागची रांग घ्या. आवाजही तिथे कमी, कारण पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला आहेत. वरचे कप्पे लहान आहेत. चाकांची नेहमीची केबिन बॅग बऱ्याचदा विमानाच्या दाराशीच काढून घेतात आणि उतरल्यावर हातात देतात. लॅपटॉप आणि औषधं आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.

पहिल्यांदा बसणारे एका गोष्टीला हमखास बिचकतात. विमान उभं असताना डाव्या बाजूला सगळं शांत असतं आणि उजवीकडे इंजिन घोंघावत असतं, पण त्याचा पंखा मात्र स्थिर. यात बिघाड काही नाही. मोठ्या जेटच्या शेपटीत जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं छोटं इंजिन असतं, ते एटीआरमध्ये नाही. म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून तेच इंजिन विजेसाठी चालवतात. त्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. नाव हॉटेलचं असलं तरी उन्हाळ्यात विमान हलेपर्यंत आत चांगलंच उकडतं.

वेगाची तक्रार मला पटत नाही. हे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं, जेट 800 च्या वर. पण तीन-चारशे किलोमीटरच्या टप्प्यात जेटला पूर्ण वेग धरून उडायला फारसा वेळच मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो दहा-पंधरा मिनिटांचा. एवढ्या अंतराला जेटपेक्षा इंधन बरंच कमी लागतं आणि धावपट्टीही छोटी चालते. ही विमानं आहेत म्हणूनच आपल्या गावांना विमानसेवा आहे. पावसाळ्यात मात्र किंमत मोजावी लागते. एटीआरची कमाल उंची 25,000 फूट, त्यामुळे ढगांच्या वरून निघून जाणं प्रत्येक वेळी जमत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टा सोडूच नका.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीचे महिने झकास गेले. पहिल्या दिवशी अग्निशमन दलाच्या गाड्यांनी विमानावर पाण्याची कमान धरली, पुढाऱ्यांनी फित कापली, फोटो झाले. नंतरच्या आठवड्यांत अर्धं विमान रिकामं असायचं, विमान वेळेवर सुटायचं आणि काउंटरवरची पोरं नावानं हाक मारायची. तेव्हा अनुभव लिहिला असता तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. नव्या कंपनीचे पहिल्या दोन महिन्यांतले अनुभव वाचून कुणी तिकीट काढत असेल, तर एवढं लक्षात ठेवा की तेव्हा कंपनीची परीक्षा सुरूच झालेली नसते.

ती सुरू होते शहरं वाढायला लागली की. दर थोड्या दिवसांनी नव्या शहराची घोषणा आणि पुन्हा पाण्याची कमान. विमानं मात्र तेवढीच. अशा कंपनीचं एक विमान सकाळी तळावरून निघून दिवसभरात सात-आठ टप्पे मारतं. प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासात प्रवासी उतरवून, नवे चढवून परत उडायचं. वेळापत्रकात मोकळी जागा जवळजवळ नाहीच. पहिल्या टप्प्याला धुक्यानं पाऊण तास खाल्ला की तो दिवसभर पुढे सरकत राहतो. एसटीच्या डेपोत एखादी गाडी बंद पडली तर दुसरी काढून देतात. इथे डेपो नाही आणि दुसरी गाडीही नाही. एका विमानाचा एखादा भाग यायचा राहिला की पाच-सहा गावांची संध्याकाळ गेली.

त्यात छोट्या विमानतळांची स्वतःची दुखणी. बऱ्याच ठिकाणी रात्री उतरण्याची सोय नाही, काही ठिकाणी यंत्रांच्या आधारानं उतरवण्याची व्यवस्था नाही. जिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी बघूनच उतरायचं असतं तिथे साधारण 5 किलोमीटरची दृश्यमानता लागते. म्हणून हिवाळ्यात सकाळची फेरी लटकते आणि त्याच विमानाची शेवटची फेरी सूर्यास्ताला जाऊन धडकते. ‘तांत्रिक कारणामुळे रद्द’ असा संदेश येतो, तेव्हा सगळं तंत्र अनेकदा एवढंच असतं. भर उन्हाळ्यात दुपारी हवा तापून विरळ होते आणि आखूड धावपट्टीवरून पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही. माझी बॅग एकदा दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आली ती याच कारणानं. काउंटरवर हे कुणी नीट सांगितलं असतं तर माझा निम्मा राग तिथेच उतरला असता.

माझी खरी तक्रार रद्द होण्याबद्दल नाहीच, ती सांगण्याबद्दल आहे. विमान सकाळीच दीड तास मागे असताना ॲपवर संध्याकाळपर्यंत ‘वेळेवर’ दिसत राहतं. याला मी आता उपाय काढलाय. प्रत्येक भारतीय विमानावर व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं असा नोंदणी क्रमांक असतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर आपल्या फेरीचं विमान आधीच्या टप्प्यात कुठे अडकलंय ते कळतं. आपलं विमान दोन शहरं मागे असेल तर घरून निघायची घाई नाही. कंपनीच्या संदेशापेक्षा ही तीन अक्षरं जास्त खरं बोलतात.

नियम माहीत असू द्या. अशा छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर वेळेत पोहोचलेल्या प्रवाशाला अल्पोपहार द्यावा लागतो, आणि उशीर सहा तासांवर जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. हा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा नियम आहे, काउंटरवरच्याची मेहेरबानी नव्हे. शांतपणे ‘डीजीसीए’ म्हटलं की कामं होतात. आवाज चढवला की होत नाहीत, आणि समोरच्या पोरीच्या हातात तसंही काही नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचं मोठं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मधे तीन तास ठेवूनही निश्चिंत राहू नका. दोन वेगळ्या पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी येत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही कंपन्या येतील असा करार झाला असेल तर थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्या. परदेशी जायचं असेल तर सरळ आदल्या दिवशी निघा.

मग कंपन्या शहरं वाढवण्याची एवढी घाई का करतात? याचं एक उत्तर छोटी शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ही योजना आली आणि 27 एप्रिल 2017 रोजी सिमला-दिल्ली मार्गावर पहिलं विमान उडालं. त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं. योजनेत ठरावीक सीट मर्यादित भाड्यात द्यायच्या, बदल्यात तीन वर्षं तुटीची भरपाई आणि त्या मार्गावर मक्तेदारी. साहजिकच जे मार्ग मिळतील ते आधी पदरात पाडून घ्यायचे, विमानं मागाहून बघू, असा खेळ सुरू होतो. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचा 2023 चा अहवाल यावर बोलका आहे. उडानच्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच होऊ शकले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यातल्या 112 मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यापुढे टिकले होते अवघे 54. नांदेडचं पहिलं विमान उडवणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणं 2022 च्या सुरुवातीला थांबली.

हा आपल्याकडचाच रोग नाही. ब्रिटनमधली फ्लायबी ही मोठी प्रादेशिक कंपनी मार्च 2020 मध्ये बंद पडली, 2022 मध्ये पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी 2023 मध्ये परत बसली. उलट रायनएअरची सुरुवात 1985 मध्ये वॉटरफर्ड ते लंडन अशा एका मार्गावर 15 सीटच्या विमानानं झाली होती. म्हणजे छोटं असण्यात वाईट काही नाही. माझा आक्षेप आहे तो तुटपुंज्या विमानांवर भरमसाट गावं टांगण्याला.

वैमानिकांचं दुखणंही याच जातीचं. छोट्या कंपनीत उड्डाणाचे तास भरले की मोठ्या कंपनीचं जेट खुणावतं. 2017 मध्ये डीजीसीएनं कॅप्टनसाठी नोकरी सोडतानाच्या नोटीसचा काळ एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केला तो काही उगाच नाही. आमच्याकडे एकदा विमान समोर उभं होतं आणि कॅप्टन नव्हता. त्या दिवशी मात्र खरं कारण स्पष्ट सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे कुणी भांडलं नाही.

एवढं सगळं लिहूनही मी ही सेवा सोडलेली नाही. सकाळची पहिली फेरी उत्तम आहे, विशेषतः विमान रात्री आपल्याच विमानतळावर मुक्कामाला असेल तर. रात्रीच्या रेल्वेचा आणि पूर्ण दिवसाच्या रस्त्याचा त्रास तासाभरावर आलाय. घरात म्हातारं माणूस असेल आणि मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तर याची किंमत शब्दांत सांगता येणार नाही. संध्याकाळच्या फेरीवर मात्र लग्न, मुलाखत, कोर्टाची तारीख यातलं काहीही ठेवू नका. कंपनीला तारे द्यायचे तर सकाळला चार आणि संध्याकाळला दोन.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होईल. त्यात नवीन शहरं किती आली हे मी बघणार नाही. आमची सकाळची फेरी रोजची राहिली आणि ताफ्यात आणखी एक विमान आलं, तर पुढचे महिनेही याच कंपनीचे. ती आठवड्यातून चार दिवसांवर आली, तर मी पुन्हा साठ दिवस आधी रेल्वेचं आरक्षण करायला लागेन.