पासपोर्ट सेवा केंद्र: काउंटर चोख, घोळ होतो तो फॉर्ममध्ये

दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच असतो, हे बहुतेकांना तिकिटं काढून झाल्यावर कळतं. थायलंड, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम ही आपल्याकडच्या टूर कंपन्यांची नेहमीची ठिकाणं. या सगळ्यांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, आणि ती मोजायची तिकडे पोचण्याच्या दिवसापासून, इथून निघण्याच्या दिवसापासून नव्हे. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब वेगळा आहे. तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. शिवाय दोन कोरी पानं हवीत. पानं भरत आली तरी लोक फक्त मुदत बघतात आणि पानं मोजायची विसरतात.

यात अडवणारा माणूस बहुधा इमिग्रेशनचा नसतो, एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवरचा असतो. कोणत्या देशाला काय लागतं ते त्याच्यासमोरची प्रणाली दाखवते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि वर दंड एअरलाइनच्या माथी येतो. त्यामुळे तिथं गयावया करून काही उपयोग नाही.

आता मुळात सेवा कशी आहे ते पाहू. परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा प्रकल्पात टीसीएस या खासगी कंपनीची माणसं आणि सरकारी अधिकारी एकाच छताखाली बसतात. सरकारी कामाचा अनुभव म्हणून ही केंद्रं अजूनही वरच्या दर्जाची आहेत. पुण्यातल्या मुंढव्याचं, मुंबईतल्या मालाड किंवा अंधेरीचं केंद्र घ्या, नाहीतर पणजीचं. आतली पद्धत सगळीकडे तीच. मात्र पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांची गोष्ट थोडी निराळी. २०१७ पासून सुरू झालेल्या या केंद्रांमुळे जिल्ह्याच्या गावातल्या माणसाचा मुंबई-पुण्याचा हेलपाटा वाचला, हे खरंच मोठं काम झालं. पण तिथं अर्ज आणि ठसे घेतले जातात, मंजुरीचा निर्णय पाठीमागच्या कार्यालयात होतो. म्हणून घाई असेल आणि नावात किंवा जन्मतारखेत काही गुंता असेल, तर मोठ्या केंद्रात जाणं शहाणपणाचं. जून २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, तुमचं गाव कुठलंही असो. फक्त पोलीस तपासणी अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही तिथंच येतो.

आपल्याकडे पासपोर्टचं नूतनीकरण असं काही होत नाही. होतो तो री-इश्यू, म्हणजे नवं पुस्तक आणि नवा क्रमांक. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. उरलेले महिने नव्या पासपोर्टात जमा होत नाहीत, नवी दहा वर्षं नव्या तारखेपासून सुरू होतात. त्यावर हळहळणारे बरेच भेटतात. पण ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १५० रुपये. एक वर्ष वाया गेलं तरी तेवढंच गेलं. ऐन वेळी तत्काळमध्ये अर्ज केला तर त्यावर आणखी २००० मोजावे लागतात. वर्षातून तीन-चारदा बाहेर जाणाऱ्याने ६० पानी घ्यावा, तो २००० रुपयांना मिळतो.

पोर्टलवरचा फॉर्म हा या सेवेतला सर्वांत कच्चा भाग. आणि त्यातही मराठी माणसाचं नाव. पासपोर्टात दोनच रकाने असतात: आडनाव आणि बाकीचं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात, स्वतःच्या नावाला जोडून जातं. जुन्या पासपोर्टात ते असेल आणि नव्या अर्जात गाळलं, तर यंत्रणेच्या लेखी तो नावातला बदल ठरतो. मग कारण, पुरावा, तपासणी असं सगळं मागे लागतं. याच्या उलट टोक म्हणजे आडनावाचा रकाना मोकळा सोडणं. नोव्हेंबर २०२२ पासून अमिराती पर्यटक आणि व्हिजिट व्हिसावर एकच नाव असलेला पासपोर्ट स्वीकारत नाही. तुमचं असं असेल तर री-इश्यूच्या वेळीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत असेपर्यंत चालतो, फक्त तिकीट आणि व्हिसा त्याच नावाने काढायचा. आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं आणि पॅनवर तिसरंच, अशी खिचडी असेल तर आधी एक नाव नक्की करा, त्याप्रमाणे कागद दुरुस्त करा आणि मगच पोर्टल उघडा.

फॉर्म सादर केला की त्यात बदल करता येत नाही. किरकोळ चूक केंद्रात पहिल्या काउंटरवर दुरुस्त होते. पण अर्जाचा प्रकारच चुकला, म्हणजे री-इश्यूऐवजी नवा अर्ज भरला, तर नव्याने सुरुवात करावी लागते. अपॉइंटमेंट जमली नाही तर ती तीनदा बदलता येते, पहिल्या तारखेपासून वर्षभरात. पोर्टलचा पत्ता gov.in ने संपतो का, हे पैसे भरण्याआधी बघा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट्स जास्त शुल्क उकळतात. एजंटबद्दलही एक गोष्ट स्पष्ट असू दे: त्याच्याकडे अपॉइंटमेंटचा वेगळा साठा नसतो. तुम्हाला दिसणाऱ्याच तारखा त्यालाही दिसतात.

साध्या री-इश्यूला कागद फार लागत नाहीत. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची स्वतः सही केलेली झेरॉक्स, आणि पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या घराचा करार देणार असाल तर तो नोंदणी केलेलाच हवा, स्टॅम्प पेपरवर नुसत्या सह्या केलेला चालत नाही. पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असं सांगणारा) शिक्का असेल आणि दहावी झालेली असेल तर प्रमाणपत्र सोबत न्या, तो शिक्का याच फेरीत निघतो. आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं.

केंद्रात ए, बी, सी अशी तीन काउंटरं असतात. ए वर टीसीएसचा कर्मचारी कागद स्कॅन करतो, फोटो काढतो आणि बोटांचे ठसे घेतो. फोटो घरून न्यायची गरज नाही. अपवाद चार वर्षांखालच्या मुलांचा, त्यांचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्यावा लागतो. पांढरा शर्ट टाळा, मागची भिंतही पांढरीच असते. बोटांवर ताजी मेंदी असेल तर ठसे घेताना अडचण येते, लग्नसराईत हे लक्षात ठेवावं. या काउंटरवर तुमची माहिती स्क्रीनवर दाखवली जाते, तेव्हा स्पेलिंग, जन्मगाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. लोक इथं मान डोलावतात आणि पासपोर्ट छापून आल्यावर बोंब मारतात. बी वर सरकारी अधिकारी कागद तपासतो आणि सी वर मंजुरी मिळते. बाहेर पडताना पोचपावती मिळते. तिच्यावरचा फाइल क्रमांक जपून ठेवा, पुढचा सगळा मागोवा त्यावरच चालतो. चिप असलेल्या नव्या ई-पासपोर्टसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह दिसलं की समजायचं.

पोलीस तपासणीला मात्र मी या सेवेत सर्वांत कमी गुण देईन. नियम ठीक आहेत, पण गती ठाण्यागणिक बदलते. साध्या री-इश्यूमध्ये ही तपासणी बरेचदा लागत नाही किंवा पासपोर्ट आल्यानंतर होते. पत्ता किंवा नाव बदललं, किंवा जुना पासपोर्ट संपून तीन वर्षं उलटली, तर ती लागायची शक्यता खूप वाढते. ठाण्यातून फोन आला आणि तुम्ही गावाला असाल, तर सरळ तसं सांगून वेळ ठरवून घ्या. घराला कुलूप आणि फोन बंद, एवढ्यावर प्रतिकूल अहवाल जाऊ शकतो, आणि मग प्रादेशिक कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर तो लपवू नका. न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो. खटला लपवणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा ठरतो.

तत्काळ ही हमी नाही, हेही सांगायला हवं. जास्तीचे २००० रुपये भरून रांगेत पुढे जाता येतं, पण तत्काळमध्ये द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. ज्यांचे कागद सरळ आहेत त्यांच्यासाठी ही सोय उत्तम. नावात बदल किंवा फाटका पासपोर्ट असेल तर तत्काळच्या भरवशावर तिकीट काढू नये. फाटलेल्या, भिजलेल्या किंवा हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नवा घ्यायचा तर ३६ पानांना ३००० रुपये लागतात. एखादा शिक्का लपवायला मुद्दाम पान फाडलं तर मामला शुल्कावर थांबत नाही, तो गुन्हा आहे.

मुलांच्या बाबतीत फसगत हमखास होते. त्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरावा वाढदिवस, जे आधी येईल तोपर्यंतचा. बारावीनंतर परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाचा पासपोर्ट त्यामुळे नेमका प्रवेशाच्या धामधुमीत संपतो. पंधरा ते अठरा वयात १५०० रुपये भरून पूर्ण दहा वर्षांचा घेता येतो, आणि १००० रुपयांचा घेऊन ५०० वाचवण्यात काहीच अर्थ नाही. अल्पवयीनांच्या अर्जाला परिशिष्ट डी, म्हणजे पालकांचं घोषणापत्र लागतं, त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या हव्यात. एक पालक सही करायला नसेल तर परिशिष्ट सी.

नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि तो ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा असतो, शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत. जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो फेकू नका. त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल तर तो चालू राहतो, दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. ई-व्हिसाचं तसं नाही. तो पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो, त्यामुळे री-इश्यूआधी काढलेला ई-व्हिसा नव्या क्रमांकावर चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या ऑनलाइन व्हिसा खात्यात नवा क्रमांक भरायचा असतो. परदेशात स्थायिक असलेल्यांचा री-इश्यू दूतावासामार्फत होतो. अमेरिका, अमिरातीसारख्या देशांत त्यासाठी दूतावासाने नेमलेली खासगी कंपनी असते. तिकडे टपालाचा वेळ आणि सुट्ट्या धरून भारतातल्यापेक्षा जास्त दिवस हाताशी ठेवावेत.